डीएनए तुटल्यावर पेशीला ‘थांब’ कोण म्हणतं?

पेशीवेडा:

रेडिएशनने कॅन्सर होतो आणि रेडिएशननेच कॅन्सरवर उपचारही करतात, ह्या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा, असं परवा भाच्याने विचारलं. मी तोंडाला आलं ते ठोकून दिलं आणि मग रात्री झोप येईना, कारण उत्तर चुकीचं होतं. मी म्हटलं होतं की पेशीत डीएनए दुरुस्त करायची यंत्रणा असते, कॅन्सरच्या पेशीत ती बिघडलेली असते म्हणून त्या मरतात. पण दुरुस्त करता येणं वेगळं आणि दुरुस्ती होईपर्यंत थांबता येणं वेगळं, आणि ह्या थांबण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही म्हणून हा धागा काढतोय.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएला रोज हजारो ठिकाणी काही ना काही होत असतं. ऊन नाही, रेडिएशन नाही, नुसतं पाणी आणि अंगची ऊब एवढ्यावर दिवसाला दहा हजारांच्या आसपास डीएनएची अक्षरं साखळीवरून गळून पडतात. त्यातलं बहुतेक सगळं पेशी चालता चालता निस्तरते, डीएनएचे दोन धागे असतात, समोरच्या धाग्यावर प्रत असतेच, ती बघून भरून काढायचं. खरी भानगड दोन्ही धागे एकाच जागी तुटले की होते. तशातच पेशी विभागायला निघाली तर गुणसूत्राच्या ज्या तुकड्याला ओढायला दोरीच बांधलेली नाही तो मागे राहतो, एका लेकपेशीला कमी मिळतं, दुसरीला भलतंच.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. सिअ‍ॅटलला लेलंड हार्टवेल आणि टेड वाइनर्ट यीस्टवर काम करत होते. क्ष-किरण मारले की साधं यीस्ट विभाजन अर्ध्यात सोडून थांबतं, आईपेशी आणि तिला चिकटलेली जवळपास तेवढीच कळी, सूक्ष्मदर्शकाखाली डंबेलसारखं दिसतं. काही तास तसंच बसून राहतं आणि मग पुढे चालू पडतं. क्ष-किरणांनी पटकन मरणारे म्युटंट, म्हणजे एखादं जनुक बिघडलेले वाण, तेव्हा बरेच माहीत होते, आणि साधारण समज असा की ह्यांची दुरुस्तीच खराब असणार. ह्या दोघांनी त्यातले एकेक घेऊन बघितलं की मरायच्या आधी हे थांबतात तरी का. रॅड५२ थांबलं, आणि थांबलं ते थांबलंच, कारण तुटलेलं जोडता येत नाही. रॅड९ मात्र थांबलंच नाही! काही झालंच नाही अशा थाटात तुटक्या गुणसूत्रांसकट दोन-चार वेळा विभागलं आणि मग मेलं.

मग त्यांनी काय केलं, रॅड९ला क्ष-किरण दिले आणि लगेच एक औषध घालून मुद्दाम अडवून ठेवलं. हे औषध डीएनएला हात लावत नाही, गुणसूत्रं ओढणाऱ्या सूक्ष्मनलिका तेवढ्या बनू देत नाही, त्यामुळे पेशीची इच्छा असो नसो ती तिथेच अडकते. काही तासांनी औषध धुऊन काढलं, तर त्यातल्या कितीतरी पेशी जगल्या. म्हणजे हत्यारं पेटीत होती, नव्हता तो फक्त वेळ. १९८८ साली हे छापून आलं, पुढच्या वर्षी त्यांनी ह्या व्यवस्थेला चेकपॉइंट म्हटलं आणि ते नाव चिकटलं. हार्टवेलना २००१ चं नोबेल मिळालं, पॉल नर्स आणि टिम हंट यांच्याबरोबर.

अजून लिहायचंय पण आधी तुम्ही बोला.

शंकासुर:

भारी प्रयोग आहे. पण मूळ शंका राहिलीच की. एका पेशीत दोन मीटर डीएनए कोंबलेला, त्यात एका जागी तुटलं तर पेशीला कळतं कसं? कोणी रोज सगळा डीएनए वाचत बसतं का?

वाचनमात्र:

वाखु (वाचनखूण) साठवली. शंकासुरांची शंका +१

निळी_शाई:

वाचत कोणी बसत नाही. तुटलेलं टोक हीच बातमी असते. एरवी पेशीत डीएनएला उघडं टोक नसतंच, गुणसूत्रांच्या शेवटांना असतं पण तिथे टेलोमियर आणि त्यावर प्रथिनांची टोपी, म्हणजे ‘हे तुटलेलं नाहीये’ अशी पाटीच लावलेली. त्यामुळे टोपी नसलेलं टोक दिसलं की काहीतरी बिनसलंय हे नक्की. (म्हाताऱ्या पेशींचे टेलोमियर झिजले की ही पाटी पडते आणि पेशी स्वतःच्याच गुणसूत्रांची टोकं तुटलेली समजून कायमची थांबते, पण ते अवांतर.)

त्या टोकाला तीन प्रथिनांचा एक गट येऊन चिकटतो आणि तो एटीएम नावाच्या किनेजला बोलावतो. किनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम, पेशीतली निम्मी निरोपानिरोपी ह्या फॉस्फेटवरच चालते. एटीएम आजूबाजूच्या हिस्टोनवर (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिनं) फॉस्फेट लावत सुटतं, तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरं लांबपर्यंत. म्हणून एक तुटकी जागा, जी खरं तर रेणूएवढी, ती रंग लावला की सूक्ष्मदर्शकाखाली चक्क ठिपका दिसते. ठिपके मोजा, तुटक्या जागा मोजल्या. मी हे वर्षभर मोजलेत, डोळ्याचं वाटोळं झालं.

एटीएमचा एक भाऊ आहे एटीआर. एटीएम अख्ख्या तुटलेल्या टोकाकडे जातो, एटीआर एकेरी धाग्याकडे. प्रत काढायचं काम मध्येच अडखळलं की एकेरी डीएनए बराच वेळ उघडा पडतो, तो एटीआर बघतो. पुढे निरोप न्यायला दोघांचे दोन गडी, सीएचके२ आणि सीएचके१.

उंटावरचा_शहाणा:

हे सगळं ठीक पण शेवटी ब्रेक कशाला लागतो? इतकी नावं आली की मला एटीएमच्या बाहेर रांगेत उभं असल्यासारखं वाटतंय

निळी_शाई:

हाहा. बरं सोपं करते. विभाजन सुरू करणारं मुख्य इंजिन म्हणजे सीडीके१, सायक्लिन नावाचं प्रथिन जोडीला असलं की चालतं. त्या इंजिनाला पेशी आधीपासूनच हँडब्रेक लावून ठेवते, तो लावणाऱ्या प्रथिनाचं नाव वी१. पॉल नर्सना यीस्टचा असा म्युटंट सापडला की जो वेळेआधीच विभागायचा म्हणून पेशी बारक्या, आणि ते तेव्हा एडिंबराला होते म्हणून स्कॉटिश बोलीतला बारक्यासाठीचा शब्द दिला, वी. आणि हँडब्रेक काढणारं प्रथिन सीडीसी२५. सगळं नीट असेल तर सीडीसी२५ येतं, ब्रेक काढतं, पेशी विभागते. डीएनए तुटलेला असेल तर सीएचके१ सीडीसी२५ला पकडून बाजूला बसवतं. बास.

उंटावरचा_शहाणा:

म्हणजे ब्रेक नव्याने दाबत नाहीत, लावलेला काढू देत नाहीत. आत्ता कळलं.

किरणमोज्या:

एटीएमबद्दल थोडी भर घालतो. त्या नावातच एक आजार आहे, अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया. ह्या मुलांचा चालताना तोल जातो, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं, प्रतिकारशक्ती कमी, रक्ताचे कॅन्सर लवकर. आणि रेडिएशन सोसत नाही, म्हणजे इतरांना चालतो तो उपचाराचा डोस ह्यांना भयंकर बाधतो. १९८० मध्येच दिसलं होतं की क्ष-किरण दिल्यावर साध्या पेशी डीएनएची प्रत काढणं हळू करतात आणि ह्या मुलांच्या पेशी तसंच धडाधड काढत राहतात. जनुक सापडायला मात्र १९९५ उजाडलं, इस्रायलच्या योसेफ शिलोह यांच्या गटाने शोधलं. म्हणजे रॅड९ची गोष्ट माणसात. जनुकं वेगळी आहेत, दुखणं त्याच जातीचं.

पेशीवेडा:

मोज्याभाऊ, मस्त भर. आता मी पी५३ नावाच्या प्रथिनावर येतो, नाहीतर लोक म्हणतील मुख्य पात्रालाच विसरला.

शाईताईंनी सांगितला तो ब्रेक मिनिटांत लागतो कारण नवीन काही बनवायचं नसतं, आहे त्याच प्रथिनांवर फॉस्फेट लावायचं. पण तो फार वेळ धरत नाही. पी५३ चं काम त्यानंतरचं आणि लांबणीचं. ते जनुकं चालू करतं, त्यातलं एक पी२१, जे सीडीकेलाच जाऊन बसतं आणि पेशी प्रत काढायच्या आधीच्या टप्प्यात, म्हणजे जी१ मध्ये, अडकते.

गंमत अशी की पी५३ पेशी सारखं बनवत असते आणि सारखं मोडत असते. एमडीएम२ नावाचं प्रथिन त्याला ‘टाकाऊ’ अशी खूण लावतं आणि वीस-एक मिनिटांत अर्धं संपतं. मला आधी हा शुद्ध वेडेपणा वाटायचा, बनवायचं कशाला मग? पण गरज पडल्यावर जनुक वाचा, आरएनए बनवा, प्रथिन बनवा ही वरात निघण्यापेक्षा फक्त मोडणं थांबवलं की तासाभरात साठा तयार. एटीएम तेच करतं, पी५३ आणि एमडीएम२ दोघांवर फॉस्फेट लावून त्यांची पकड ढिली करतं.

आणि नुकसान फारच असेल तर हेच पी५३ पेशीला मरायला लावतं. कडक उन्हात भाजल्यावर दोन-चार दिवसांनी कातडी सोलवटते, त्यातल्या बऱ्याच पेशी जळून मेलेल्या नसतात, अतिनील किरणांनी डीएनए बिघडला म्हणून त्यांनी स्वतःला संपवलेलं असतं. पी५३ काढून टाकलेल्या उंदरांना तसेच किरण दिले तर अशा मरणाऱ्या पेशी कमी दिसतात, म्हणजे बिघडलेल्या पेशी तशाच जागेवर राहतात.

हे प्रथिन १९७९ ला सापडलं तेव्हा दहा वर्षं लोक ह्यालाच कॅन्सर करणारं समजत होते बरं का. कारण ज्या प्रतींवर काम चाललेलं त्याच म्युटंट निघाल्या. माणसाच्या साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेलं असतं.

गणितमास्तर:

तुम्ही ‘साठा तयार’ म्हणताय ते सरळ नाहीये. पी५३ एमडीएम२ चं जनुकही चालू करतं, म्हणजे स्वतःच्याच मारेकऱ्याला जेवू घालतं. असं उशिराचं उलट नियंत्रण असलं की गणितात लगेच दोलन दिसायला लागतं. आणि दिसलंच. २००४ मध्ये गलित लहाव, उरी आलोन वगैरेंनी पी५३ ला चमकणारं प्रथिन जोडून एकेक पेशीचं चित्रण केलं. पी५३ चढतं, पडतं, परत चढतं, दर काही तासांनी एक ठोका. रेडिएशन वाढवलं तर ठोक्याची उंची वाढली नाही, ठोके वाढले. त्याआधी लाखो पेशी एकत्र वाटून सरासरी मोजायचे त्यात हे पार पुसलं जायचं, कारण प्रत्येक पेशीचे ठोके वेगळे.

आणि २०१२ मध्ये असं दिसलं की ठोके ठोके असतील तर पेशी सावरून पुढे जाऊ शकते, पण औषध घालून पी५३ सलग वर धरून ठेवलं तर बऱ्याच पेशी कायमच्या थांबतात. म्हणजे किती आहे इतकंच बघून भागत नाही, कोणत्या तालात आहे तेही बघावं लागतं.

शंकासुर:

मास्तर हे डोक्यावरून गेलं पण आवडलं. मग माझी पुढची शंका, हे एवढं गुणी प्रथिन आहे तर जास्तीचं देऊन टाका ना सगळ्यांना. कॅन्सरच नको.

निळी_शाई:

उंदरांवर झालंय करून. २००२ मध्ये दोन वेगळ्या प्रयोगशाळांनी. एकात पी५३ कायम चेकाळलेलं होतं, ते उंदीर कॅन्सरपासून वाचले पण लवकर म्हातारे झाले, हाडं ठिसूळ, पाठीला पोक, जखमा भरेनात. दुसऱ्यात जास्तीची प्रत दिली पण तिचं नियंत्रण नेहमीसारखंच ठेवलं, ते वाचलेही आणि म्हातारेही नेहमीच्याच वयात झाले. हत्तीत ह्या जनुकाच्या वीसेक प्रती आहेत हे २०१५ ला कळलं, आणि हत्तीच्या पेशी डीएनए बिघडल्यावर माणसाच्या पेशींपेक्षा पटकन मरतात. एवढा मोठा प्राणी, इतक्या पेशी, इतकं आयुष्य, तरी कॅन्सर कमी, त्याचं निदान एक कारण हे असावं.

आता पेशीवेडा, तुमच्याशी थोडं भांडते. तुम्ही वर लिहिलंय ‘दुरुस्ती होईपर्यंत थांबता येणं’. पेशी दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत थांबतेच असं नाही हो. माणसाच्या पेशीत जी२ मधला, म्हणजे प्रत काढून झाल्यावर विभाजनाच्या आधीच्या टप्प्यातला, ब्रेक दहा-वीस तुटक्या जागा शिल्लक असतानाच सुटतो. आणि यीस्टमध्ये जोडताच येणार नाही अशी एकच जागा तोडून ठेवली तर ते बरेच तास थांबतं आणि मग तशा अवस्थेतच विभागून मोकळं होतं. ह्याला अ‍ॅडॅप्टेशन म्हणतात.

पेशीवेडा:

मान्य. लिहिण्याच्या भरात गेलं. यीस्टचं एकवेळ समजतं, एकट्या पेशीला नुसतं बसून राहिलं तर मरण नक्की, विभागलं तर एखादी तरी वाचेल. आपल्या शरीरातल्या पेशीने असा जुगार खेळणं म्हणजे बाकीच्यांच्या जिवाशी खेळ.

जीवाणूप्रेमी:

तुम्ही सगळे केंद्रकवाले लोक नेहमी आम्हाला विसरता. जीवाणूंमध्ये हे सगळं ह्याच्या आधीपासून माहीत होतं, एसओएस प्रतिसाद म्हणतात. एकेरी डीएनए उघडा पडला की त्यावर रेकए चढतं, त्याला भिडलं की लेक्सए नावाचं दाबून ठेवणारं प्रथिन स्वतःला कापून घेतं आणि दुरुस्तीची जनुकं सुटतात. त्यातच एक सुलए, ते पेशी मधून कापणारी कडी बनू देत नाही. मग ई. कोलाय वाढत राहतो पण विभागत नाही, लांबच लांब शेवया.

आणि इथे रॅड९ च्या बरोब्बर उलटी गोष्ट आहे. दुरुस्ती झाली की सुलए मोडायला लॉन नावाचं प्रोटिएज लागतं. ई. कोलायच्या बी जातीत ते मुळातच नाही. म्हणून ह्या बिचाऱ्याला थोडे अतिनील किरण दिले तरी तो थांबतो आणि थांबूनच मरतो, ब्रेक लागला पण काढता येईना. १९४४ मध्ये एव्हलिन विटकिन यांनी ह्या बी जातीवर भरपूर किरण मारून जे मोजके जगले ते उचलले, त्या वाणाला बी/आर म्हणतात. बऱ्याच वर्षांनी कळलं की त्यात सुलएच बिघडलेलं. म्हणजे यीस्ट थांबलं नाही म्हणून मेलं, आणि हा थांबायचं विसरला म्हणून जगला 😄

उंटावरचा_शहाणा:

हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा रे कोणीतरी

किरणमोज्या:

वेडेराव, भाच्याचं उत्तर राहिलं. कॅन्सरच्या पेशी रेडिएशनने मरतात का शेवटी?

पेशीवेडा:

भाच्याला आता असं सांगेन. रेडिएशनने डीएनए सगळ्यांचाच तुटतो. निरोगी पेशीला जी१चा ब्रेक आहे, जी२चा आहे, ती थांबून जमेल तेवढं जोडते. कॅन्सरच्या पेशीने वाढायच्या हव्यासात बहुतेक वेळा एखादा तरी ब्रेक काढून फेकलेला असतो, तेच तिचं बळ, आणि किरण पडले की तीच तिची लंगडी बाजू, तुटक्या डीएनएसकट विभागत राहते आणि दोन-चार फेऱ्यांत कोलमडते. ज्या पेशी मेल्या नाहीत आणि चुकीचं जोडून बसल्या, त्यातल्या एखादीतून वर्षांनी नवा कॅन्सर. पी५३ गेलेल्या पेशी जी२च्या ब्रेकवरच तगून असतात म्हणून वी१ आणि सीएचके१ दाबणाऱ्या औषधांच्या चाचण्या चालू झाल्या, म्हणजे उरलेला ब्रेकही काढून घ्यायचा.

निळी_शाई:

हे छान आहे पण भाच्याला लगेच इतकं साफ सांगू नका. पी५३ गेलं की ती पेशी मरायलाही विसरते, त्यामुळे अशा गाठी उपचारांना उलट कमी दाद देतात असंही होतं. वृषणाच्या कॅन्सरमध्ये पी५३ सहसा शाबूत असतं, आणि पसरलेला असला तरी सिस्प्लॅटिनवाल्या (डीएनए बिघडवणारं औषध) उपचाराने तो बहुतेकांचा बरा होतो. गाठ कुठली, पेशी कुठली, ह्यावर गणित फिरतं.

शंकासुर:

आणि समजा विभाजन चालू झाल्यावर, गुणसूत्रं ओढली जात असताना डीएनए तुटला तर?

निळी_शाई:

तर पेशी सहसा थांबत नाही, खूण करून ठेवते आणि पुढे जाते, पुढचं लेकपेशींनी जी१ मध्ये बघायचं. त्या वेळात टोकं जोडायचं काम मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. २०१४ मध्ये एका गटाने ते जबरदस्तीने चालू करून बघितलं, तर पेशीने टेलोमियरच एकमेकांना जोडले. निरोगी गुणसूत्रं एकमेकांना शिवलेली.

शंकासुर:

बापरे. वेडेराव, तुम्ही स्वतः प्रयोगशाळेत केलंयत का ह्यातलं काही, का सगळं पुस्तकी?

पेशीवेडा:

केलंय आणि त्यात चार महिने घातलेत. प्रोजेक्टला होतो. काम साधं, पेशींवर रेडिएशन द्यायचं आणि पी५३ वाढतं का बघायचं. पेशीतली प्रथिनं पट्टीवर घेऊन हवं ते अँटिबॉडीने ओळखायचं, तर पट्टीवर काहीच येईना. अँटिबॉडी बदलली, बफर बदलला, फिल्म रात्रभर ठेवली, कोरीच. आणि दुसरीकडे पेशी मात्र व्यवस्थित थांबत होत्या, यंत्रात मोजलं की दुप्पट डीएनएवाल्या पेशींचा ढीग दिसायचा. मी म्हणायचो थांबतायत म्हणजे पी५३ असणारच, माझाच हात वाईट. शेवटी एका सीनियर ताईने विचारलं, पेशी कुठल्या वापरतोस? म्हटलं हेला.

निळी_शाई:

अरे देवा 😂

शंकासुर:

आम्हालाही सांगा की

पेशीवेडा:

हेला पेशी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून १९५१ मध्ये काढलेल्या, त्यात एचपीव्ही १८ विषाणूचा डीएनए बसलाय. त्या विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ बनल्या बनल्या मोडायला पाठवतं. जनुक धडधाकट, प्रथिन जवळपास शून्य. आणि थांबत होत्या त्या जी२ मध्ये, शाईताईंच्या हँडब्रेकवर, त्याला पी५३ लागतच नाही सुरुवातीला. म्हणजे दोन ब्रेक वेगळे आहेत हे माझ्या टेबलावर चार महिने दिसत होतं आणि मी बफर बदलत बसलो होतो.

किरणमोज्या:

मग त्या पट्ट्या फेकल्या का?

पेशीवेडा:

नाही. नंतर पी५३ शाबूत असलेल्या पेशी आणून प्रयोग केला, तेव्हा शेजारच्या खणात हेलाच घातल्या, ‘इथे काही दिसता कामा नये’ म्हणून. त्या एका बाबतीत माझा हात बसलेला होता.